रातची लाईन : पोकरवर घर चालवणाऱ्या एका तरुणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी पट्ट्यातलं, संत्र्याच्या गावातलं. मुलाच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव बदललं आहे, गाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. त्याला सुमित म्हणू. मी समुपदेशक आहे, आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी बसते.

सुमितच्या घरी साडेचार एकर संत्रा आणि एक बैलजोडी. बहीण लग्न होऊन परतवाड्याला गेलेली. अमरावतीहून मेकॅनिकल केल्यावर तो दीड वर्ष चाकणला ठेक्यावर कामाला होता. तिथल्या खोलीत दोघे जण ऑनलाइन पोकर खेळत, त्यांच्याकडूनच तो शिकला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तो गावी आला तो आलाच. जानेवारी २०२१ पासून पोकर हेच त्याचं काम झालं.

पोकर म्हणजे तीनपत्ती, असं समजून पुढे वाचू नये. मीही सुरुवातीला तसंच समजत होते. यात प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि मधे सगळ्यांसाठी पाच. पैसे खेळणाऱ्यांचेच एकमेकांकडे जातात, कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेते, त्याला रेक म्हणतात. त्यामुळे समोरच्यापेक्षा बरं खेळणारा दीर्घ काळात कमावू शकतो. दीर्घ काळात, हा शब्द महत्त्वाचा. दोन एक्के हातात घेऊन दोन राजांसमोर सगळे पैसे लावले, तरी शंभरातून अठरा वेळा राजेच जिंकतात. त्या अठरा वेळा खेळणाऱ्याची काहीही चूक नसते.

सुमित खरोखर चांगला खेळायचा, हे त्याच्या चार वर्षांच्या नोंदींवरून मला पटलं. २०२२ मध्ये त्याच्या पैशांनी घरचा बोअर झाला, २०२३ च्या मे महिन्यात बहिणीचं लग्न झालं. घरी त्याने सांगितलं होतं की अमेरिकेच्या कंपनीचं काम आहे, म्हणून रात्रपाळी. गावात म्हणत, पोरगं डॉलरमध्ये कमावते.

अडचण

त्याची खोली वर, धाब्यावर. दोन मॉनिटर, इन्व्हर्टर, मानेला टेकू असलेली खुर्ची. खिडकीला त्याने आतून सतरंजी ठोकली होती, रात्री तीन वाजता गल्लीत उजेड पडू नये म्हणून. शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा वीज असते, एक आठवडा रात्री. रातच्या लाईनच्या आठवड्यात वडील साडेबाराला बॅटरी आणि काठी घेऊन मोटार सुरू करायला निघत. निघताना वर पाहत. दाराच्या खालच्या फटीत निळसर उजेडाची रेघ दिसायची. पहाटे परत आले तरी ती तशीच. चार वर्षांत त्यांनी एकदाही दार वाजवलं नाही. "काम करून रायला असल," एवढंच ते आईला म्हणायचे.

रात्रीच का खेळायचं, याला कारण होतं. आपल्याकडच्या साइटवर नोकरी-धंद्यावरून घरी आलेले हौशी लोक रात्री आठनंतर येत आणि दोन-तीनपर्यंत टेबलं भरलेली असत. दुपारी बसलं तर समोर सगळे त्याच्यासारखेच धंदेवाईक. त्यांच्यात खेळून रेकसुद्धा निघायचा नाही. म्हणजे कमाई रात्रीतच होती, आणि गाव सगळं दिवसा जागं असायचं.

आकडे सांगते, कारण ते कळल्याशिवाय हा ताण कळत नाही. तो २५-५० च्या टेबलांवर खेळायचा. म्हणजे पत्ते पाहण्याआधीच दोघांनी २५ आणि ५० रुपये लावायचे, त्यातल्या मोठ्या रकमेला बिग ब्लाइंड म्हणतात. एका टेबलावर बसायला ५,००० रुपये. एका वेळी सहा टेबलं, महिन्याला जवळजवळ एक लाख हात, म्हणजे डाव. शंभर हातांमागे सरासरी तीन बिग ब्लाइंड, म्हणजे दीडशे रुपये उरायचे. महिन्याचे दीड लाख. पण या खेळातला चढउतार एवढा असतो की तेवढंच चांगलं खेळूनही आठातला एक महिना तोट्यात जाणार, आणि एखादा लाखभराने. हे गणित त्यानेच मला कागदावर करून दाखवलं. त्याला ते पाठ होतं. आणि तरीही पहाटे चार वाजता, सलग बाराव्या तोट्याच्या रात्री, त्या गणिताने त्याला काडीचाही आधार दिला नाही.

वर खर्च वाढले. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकीवर सरसकट ३० टक्के कर लागला, दुसरं काही उत्पन्न नसलं तरी. ऑक्टोबर २०२३ पासून जमा केलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी. टेबलं विरळ होत गेली, हौशी कमी झाले.

फेब्रुवारी २०२४ पासून तो हरायला लागला. जुलैपर्यंत चार लाख गेले. त्यातला बराच भाग नशिबाचा होता, हे त्याच्या नोंदी तपासून त्याच्याच खेळातल्या एका मित्राने सांगितलं. पण त्यानंतर त्याने जे केलं ते नशिबाचं नव्हतं. भरून काढायला म्हणून तो दुप्पट रकमेच्या टेबलांवर गेला आणि अकरा दिवसांत आणखी अडीच लाख घालवले. खेळणारे याला टिल्ट म्हणतात. डोकं फिरतं, हात चालूच राहतो.

या चार वर्षांत माणसं सुटत गेली. आधी क्रिकेट, मग चौकातलं बसणं. जिवलग मित्र पंकजच्या लग्नाला तो वरातीनंतर पोहोचला, तासाभरात परतला. मुलीकडचे विचारायला यायचे तर बायोडाटात नोकरी-व्यवसाय या रकान्यापुढे काय लिहायचं, म्हणून स्थळच नको म्हणायचा. जिंकलेली मोठी रात्र सांगायलाही कोणी नव्हतं. हरल्याचं दुःख लपवावं लागतं हे आपल्याला समजतं. जिंकल्याचा आनंदही लपवावा लागला तर माणूस आतून किती रिकामा होतो, हे मला सुमितकडून कळलं.

२ सप्टेंबर २०२४ ला पोळा होता, सोमवती अमावस्येचा. रविवारी रात्री मोठ्या स्पर्धा असत. आदल्या संध्याकाळी आईने बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हटलं, वर सुमितला हाक मारली. तो आला नाही. सोमवारी सकाळी सहाला झोपला तो संध्याकाळी पाचला उठला. लहानपणापासून तोरणाखाली जोडी तोच धरायचा. त्या दिवशी एकसष्ट वर्षांच्या वडिलांनी एकट्याने जोडी नेली, आणि चार जणांनी विचारलं, "पोरगं कुठी हाय?" त्याच आठवड्यात आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. तिला वाटत होतं, पोराला काहीतरी लागलंय.

पहिल्या भेटी

नैराश्य मोजण्याची नऊ प्रश्नांची जी चाचणी असते, तिच्यात त्याला २७ पैकी १७ आले. झोप तुटक, जेवण दिवसातून एकदा, सात किलो वजन घटलेलं.

मी इथे एक मोठी चूक केली. पहिल्या भेटीत मी पैशांबद्दल खूप विचारलं. किती हरला, कर्ज आहे का, कोणाचं. जिवाबद्दल विचारायचं दुसऱ्या भेटीवर ढकललं, कारण आई शेजारी बसली होती. दुसऱ्या भेटीत एकट्याला सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" तो बराच वेळ टेबलावरच्या पेनाशी खेळत राहिला आणि म्हणाला, "ऑगस्टमधी दोनदा आलं." मधल्या आठ दिवसांत काहीही होऊ शकलं असतं. आपल्या भागात फवारणीची औषधं घरोघरी, हाताच्या अंतरावर असतात. त्याच दिवशी वडिलांना फोन करून औषधांचा सगळा साठा काकांच्या वाड्यात कुलपात ठेवायला सांगितलं. का, हे त्यांनी विचारलं नाही. तासाभरात ठेवून आले. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर सुमितच्या आणि आईच्या फोनमध्ये टाकून दिला. तो रात्रीही लागतो, आणि सुमितच्या अडचणीच्या वेळा सगळ्या रात्रीच्याच होत्या.

दुसरा पेच निदानाचा. जुगाराच्या विकारासाठी नऊ निकष धरतात. वर्षभरात चार किंवा जास्त असतील तर विकार म्हणतात. मला तीन दिसत होते: गेलेले पैसे परत मिळवायला खेळणं, लपवणं आणि मन बेचैन असताना खेळायला बसणं. मनोविकारतज्ज्ञांनी चौथा धरला, की यापायी जवळची नाती धोक्यात आली आहेत. मी म्हणत होते, हा पेशा आहे आणि पेशाने माणूस खचला आहे. आमचं दोन आठवडे एकमत झालं नाही. शेवटी ठरलं की नाव काहीही असो, आधी नैराश्य आणि झोप. गोळी सुरू झाली. आज मागे पाहताना वाटतं, निदानाबद्दल तज्ज्ञच बरोबर होते.

कोणते पर्याय होते

आईचं म्हणणं, आजपासून बंद. हे सर्वांत सोपं दिसत होतं आणि मीही त्याच बाजूला झुकले होते. पण एकदम बंद केलं असतं तर त्याच्याकडे रात्री उरल्या असत्या फक्त हरलेल्या हातांच्या उजळणीसाठी, आणि घरचा हप्ता कशातून भरायचा हा प्रश्न होता. शिवाय तो लपून खेळला असता. लपवण्यात तो आधीच तरबेज होता.

पुण्यात चार-पाच खेळणाऱ्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं, हा सुमितचा आवडता पर्याय. सोबत मिळाली असती, हे खरं. पण ती सोबत जागी असती रात्रीच, बोलली असती पत्त्यांबद्दलच. मी विरोध केला.

नोकरीचा विचार झाला. पाच वर्षांची पोकळी आणि हाताशी असलेले चाकणचे अठरा-वीस हजार. त्या मनःस्थितीत तो मुलाखतीला बसूच शकला नसता.

उरलं ते हेच: गावातच राहून, मर्यादा घालून, उघडपणे खेळायचं. या उघडपणे शब्दावर सहा आठवडे गेले.

बगिच्यातलं बोलणं

सुमित वडिलांना माझ्या खोलीत सांगायला तयार नव्हता. म्हणून ऑक्टोबरच्या एका रविवारी मीच त्यांच्या बगिच्यात गेले. आंबियाची फळं पिवळी व्हायला लागली होती, फळगळीने खाली सडाही होता. वडील वाळलेल्या फांद्या काढत होते. सुमितने उभ्याउभ्याच सांगितलं, कंपनी नाही, अमेरिका नाही, पत्ते खेळतो पैशावर, आणि साडेसहा लाख हरलो.

वडिलांनी कात्री खाली ठेवली नाही. दोन फांद्या आणखी कापल्या. मग म्हणाले, "बोअर त्याच्याच पैशाचा का?" हो म्हटल्यावर, "अन् बाईचं लगन?" तो हो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, जुगार जुगार म्हणतेत लोकं. मंग हे काय हाय? जानेवारीत बार फुटते तवा व्यापारी येते, इसार देतो म्हणते. घेतला त भाव वाढते. नाई घेतला त गारपीट येते. मी जलमभर हेच खेळून रायलो." आणि सुमितला: "मले फक्त खोटं नको सांगू. हारला त हारला म्हण."

बगिचा आणि पोकर सारखे आहेत, हे मला पूर्ण मान्य नाही. बहार गेला तरी झाड उरतं, आणि गारपिटीत सगळ्या गावाचं नुकसान एकदम होतं, माणूस त्या दुःखात एकटा नसतो. पण त्या दिवशी मी हे बोलले नाही. बाप आपल्या शब्दांत मुलाजवळ येत होता.

पोलीस येतील का, असं आईने संध्याकाळी विचारलं. रम्मीला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, पोकरबद्दल मात्र वाद चालू आहे आणि महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे, एवढं मी प्रामाणिकपणे सांगितलं. तिचं समाधान झालं नाही.

काय केलं

खेळाचं खातं आणि घरचं खातं वेगळं केलं. खेळाच्या खात्यातून दर महिन्याला ३०,००० रुपये पगार म्हणून घरच्या खात्यात, जिंको वा हरो. जवळ टेबलाच्या रकमेच्या शंभरपट नसेल तर खालच्या टेबलांवर उतरायचं. हे त्याला फार लागलं, कारण तो २,००० च्या टेबलावर आला. एका रात्रीत तीन टेबलांचे पैसे गेले की उठायचं. संध्याकाळी सात ते बारा, आठवड्यात पाच दिवस. बारानंतरची टेबलं सर्वांत चांगली असत, ती सोडायची. कमाई निम्म्याहून खाली येणार हे आम्ही आधीच मांडून पाहिलं होतं.

खिडकीची सतरंजी काढली. हे त्याने स्वतः केलं.

माणसांचं मात्र वेळापत्रकात बसवून जमेना. मी आधी त्याला आठवड्यात तीन मित्रांना भेटायचं असं लिहून दिलं होतं, आणि तो गृहपाठासारखा भेटून यायचा. मग उलट केलं. गावाचं आधी कागदावर घेतलं: संत्र्याचा तोडा, लग्नं, हनुमान जयंतीचा महाप्रसाद, क्रिकेटचे सामने. त्यात खेळाचे दिवस बसवले. महाप्रसादाला रोडगे भाजायच्या गटात पंकजने त्याचं नाव घातलं. गोवऱ्यांच्या धगीपाशी चार तास उभं राहावं लागतं, कोणी तुमच्या तोंडाकडे पाहत नाही, काय करतोस म्हणून विचारत नाही, राख झटकत गप्पा चालतात. तिथे त्याने पंकजला सगळं सांगितलं. पंकज म्हणाला, "मले वाटलं तू आमच्यातून गेला."

मार्चमध्ये चाचणीचा आकडा ७ वर आला होता.

मे महिन्यातली घसरण

१७ तारखेला एका लग्नात दूरच्या मामाने पंक्तीत मोठ्याने विचारलं, "काय रे, पत्ते कुटून घर चालवतं म्हणे?" सुमित हसला, जेवला, घरी आला आणि पहाटे पाचपर्यंत बसला. जुन्या, मोठ्या टेबलांवर. त्या रात्री ५५,००० गेले.

फरक एवढाच, की सकाळी त्याने वडिलांना सांगितलं. "हारलो." वडील त्याला मोटारसायकलवर घेऊन माझ्याकडे आले. आम्ही तीन आठवडे खेळ पूर्ण बंद ठेवला, आणि साइटवर दिवसाची मर्यादा घालण्याची सोय होती ती वापरली. ती सोय पहिल्या दिवसापासून होती. सगळा भार त्याच्या निश्चयावर टाकून मी ती वापरायला लावली नव्हती.

ऑगस्ट २०२५

२० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर झाला, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. २२ तारखेलाच पोळा होता. सुमित तोरणाखाली जोडी धरून उभा होता आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, संपेपर्यंत त्याने तो काढला नाही.

कायद्यातली शिक्षा चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून महिनाभरात वेगळी आमंत्रणं आली: परदेशी साइट, व्हॉट्सअॅपवरून एजंटमार्फत चालणारे क्लब, उधारीवर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायची टोकनं. सुमितने नाही म्हटलं. मी कारण विचारलं. "पुन्हा सतरंजी ठोका लागन खिडकीले," तो म्हणाला.

काय वेगळं करता आलं असतं

जिवाबद्दलचा प्रश्न पहिल्याच भेटीत, पहिल्या दहा मिनिटांत, आईला बाहेर बसवून विचारायला हवा होता. याबद्दल माझ्या मनात दुमत नाही.

वडिलांना सहा आठवडे आधी सामील करता आलं असतं. त्यांना काही कळणार नाही, असं मी आणि सुमितने दोघांनी धरलं होतं. ते चार वर्षं रोज ती उजेडाची रेघ पाहत होते.

आणि कायदा येण्याआधीच, वर्षाच्या सुरुवातीला, पोकरशिवायच्या कमाईची एक तरी वाट शोधायला हवी होती. कर आणि जीएसटीनंतर टेबलं ओस पडताना दिसत होती. मी खेळ मर्यादेत ठेवण्याच्या मागे इतकी लागले होते की तो खेळच उद्या नसेल, हा विचार केला नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर त्याला फार जड गेले. चाचणीचा आकडा पुन्हा १२ वर गेला.

सध्या

सुमित एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब आणि संत्र्याच्या आवकीच्या नोंदी पाहतो. महिन्याला १४,००० रुपये. गोळी तज्ज्ञांच्या सल्ल्याने कमी होत आली आहे. बायोडाटातला रकाना भरला, पण स्थळ पाहायला अजून तो तयार नाही, आणि घरचे थांबले आहेत. मधून मधून म्हणतो, "मी ज्याच्यात हुशार होतो ते आता कोणालेच दाखवता येत नाई." याला माझ्याकडे उत्तर नाही. मी ऐकते.

रात्री अडीचला त्याला अजूनही जाग येते. रातच्या लाईनच्या आठवड्यात मोटारीवर जायची पाळी त्याने वडिलांकडून मागून घेतली. झोप आताच कुठे रुळावर येते आहे म्हणून मी नको म्हटलं, आणि आमचं यावर दोन भेटी बोलणं झालं. शेवटी ठरलं, रातच्या आठवड्यातले तीन दिवस तो, चार दिवस वडील. मागच्या भेटीला आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली होती. बाराव्या ओळीतलं ठिबक उंदरांनी कुरतडलं होतं, ते जोडता जोडता पहाट झाली म्हणाला. वडीलही उठून मागोमाग आले होते, बॅटरी धरायला.